पडदा सेकंदाला ४८ वेळा काळा होतो, तरी सिनेमा दिसतो कसा? दादासाहेब फाळकेंनी डोळे पणाला लावून पकडलेली गंमत

राजापूरची गंगा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. उन्हाळे गावाजवळच्या कुंडांत ती अचानक येते, काही दिवस मुक्काम करते आणि निघून जाते. आली की बातमी, गेली की बातमी.

पण त्याच राजापुरात एखाद्या घरी जुनी चोकवाली ट्यूबलाइट असेल, तर तिचा प्रकाशही असाच येतो आणि जातो. फरक एवढाच, की गंगा साधारण तीन वर्षांनी येते आणि हा प्रकाश सेकंदाला १०० वेळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्या प्रत्येक फेरीत प्रवाह दोनदा जोर धरतो आणि दोनदा शून्यावर येतो, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. घरात पेपर वाचणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

डोळ्यांच्या या संथपणावर जगातला एक अख्खा धंदा उभा आहे, तो म्हणजे सिनेमा. भारतात हा धंदा ज्यांनी उभा केला, त्यांनी त्या नादात स्वतःची दृष्टी जवळपास घालवली होती. त्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. सगळे त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतात.

शास्त्रीबुवांचा मुलगा, नजरेच्या खेळांचा नादी

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईत आलं. मुलाने मात्र शास्त्रीपणाची वाट सोडली. १८८५ साली त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. पुढे तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला, फोटोग्राफी, छपाईचे ठसे बनवणं असं हाताला लागेल ते शिकत गेला.

गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने गाठलं आणि पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेले. स्टुडिओ बंद पडला. बडोद्यात त्यांची कार्ल हर्ट्झ नावाच्या परदेशी जादूगाराशी ओळख झाली आणि ते जादू शिकले. आडनावातली अक्षरं उलटसुलट करून प्रोफेसर केळफा या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची नोकरी. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून लोणावळ्यात छापखाना. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशी संबंध आला तो इथेच. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला.

वरवर बघितलं तर हा माणूस धरसोड करणारा वाटतो. पण या सगळ्या धंद्यांत एक सूत्र होतं, ते म्हणजे नजरेला फसवणं. छापखान्यातलंच बघा. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर त्यात नुसते ठिपके दिसतात. भिंग बाजूला केलं की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहरा दिसतो. फाळके वर्षानुवर्षं असे ठसे बनवत होते. जवळजवळचे ठिपके डोळा वेगळे करू शकत नाही, हे त्यांना कामातून पाठ झालं होतं. लागोपाठचे प्रकाशाचे झोतही डोळा वेगळे करू शकत नाही, हे त्यांना सिनेमाने शिकवलं.

गिरगावातला तंबू आणि गेलेली दृष्टी

मुंबईला सिनेमा तेव्हा नवा नव्हता. ल्युमिए बंधूंच्या माणसांनी ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात पहिला खेळ केला होता. पण येणाऱ्या फिल्मा परदेशी असत. १९१०-११ च्या सुमारास फाळकेंनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूत येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म बघितली. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळकेंच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालत होते. आपले देव असे पडद्यावर का येऊ नयेत, हा एकच विचार त्यांना पुढची वर्षभर झोपू देईना.

वय चाळिशीचं, हातात नोकरी नाही, घरात बायको आणि मुलं. अशा वेळी हा माणूस रोज संध्याकाळी चार-पाच तास सिनेमे बघत होता आणि उरलेल्या वेळात फिल्मचे तुकडे आणि जुनी यंत्रं तपासत होता. झोप जेमतेम तीन तास. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांच्या उपचाराने दृष्टी परत आली, पण पुढे तीन-चार चष्मे आलटून पालटून वापरत काम करावं लागलं.

योगायोग बघा. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी १८३२ साली फिरत्या चकतीवरची चित्रं हलताना दाखवणारं खेळणं बनवलं होतं. सिनेमाच्या पूर्वजांत त्याची गणना होते. त्याच प्लॅटोंची दृष्टी पुढे पूर्णपणे गेली. फाळके त्यांच्यापेक्षा नशीबवान ठरले.

डोळ्यात नेमकं होतं काय?

दिवाळीत पेटती फुलबाजी गोल फिरवली की हवेत प्रकाशाचं कडं दिसतं. खरं तर कडं कुठेच नसतं, एका क्षणी फुलबाजी एकाच जागी असते. पण ती पुढे सरकली तरी मागच्या जागेचा ठसा डोळ्यात अजून पुसलेला नसतो.

हा ठसा राहतो तो दृष्टिपटलावर. डोळ्याच्या मागच्या बाजूच्या या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते आणि त्यातून मेंदूकडे विजेचा संदेश जातो. ही साखळी बटण दाबल्यासारखी बंद होत नाही. प्रकाश गेल्यावरही सेकंदाच्या काही शतांश भागापर्यंत ती चालूच राहते. तेवढ्यात पुढचा झोत आला, तर पेशीच्या हिशेबी मधला अंधार आलाच नाही. यालाच मराठीत दृष्टिसातत्य म्हणतात.

किती वेगाने लुकलुकलं की प्रकाश स्थिर दिसतो? याचं एकच उत्तर नाही. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी संथ असतात, त्यांना सेकंदाला वीसेक झोतही एकसंध वाटतात. उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी चपळ असतात, त्यांना फसवायला पन्नास-साठ झोत लागतात. म्हणजे प्रकाश जितका झगझगीत, तितकी लुकलुक लवकर पकडली जाते. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघताना ती जास्त जाणवते, म्हणून बिघडलेली ट्यूबलाइट समोर बघण्यापेक्षा नजरेच्या कडेला आली की अधिक त्रास देते. माशीचे डोळे तर सेकंदाला दोनशेहून अधिक झोत वेगळे करू शकतात. थिएटरात माशी शिरली, तर तिला सिनेमा दिसणार नाही, एकामागून एक थांबणारे फोटो दिसतील.

आणखी एक गंमत. झोत इतके जलद झाले की ते मिसळून जातात, तेव्हा डोळा उजेड आणि अंधाराची सरासरी काढतो. निम्मा वेळ दिवा बंद असेल तर तो लुकलुकताना दिसत नाही, निम्म्या तेजाने शांतपणे जळताना दिसतो. प्रकाश आणि अंधाराच्या या हिशेबाच्या नियमाला टॅलबॉट-प्लॅटो नियम म्हणतात. यातले प्लॅटो म्हणजे वर आलेलेच, दृष्टी गेलेले.

१६ चित्रं, पण ४८ झोत

आता प्रोजेक्टरकडे या. फिल्मची पट्टी सलग सरकत नाही. एक चित्र दिव्यासमोर येतं, क्षणभर थांबतं, मग झटक्यात पुढचं येतं. पट्टी सरकत असताना दिवा चालू राहिला तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. म्हणून तेवढ्या वेळापुरतं दिव्यासमोर एक फिरतं पातं आडवं येतं आणि पडदा काळा होतो.

मूकपटांच्या काळात चित्रांचा वेग सेकंदाला साधारण १६ होता. नुसते १६ झोत पडले तर पडदा भयंकर लुकलुकतो. सुरुवातीचा सिनेमा तसाच होता, इंग्रजीत सिनेमाला फ्लिक हे टोपणनाव पडलं ते त्यामुळेच. यावर निघालेला उपाय उलटाच वाटावा असा होता: अंधार वाढवा. एका पात्याच्या जागी तीन पाती लावली. एक पातं पट्टी सरकणं झाकतं, उरलेली दोन पाती थांबलेल्या चित्रावरच विनाकारण आडवी येतात. त्यामुळे प्रत्येक चित्र तीनदा दिसतं आणि सेकंदाला १६ चे ४८ झोत होतात. अंधाऱ्या सभागृहातल्या मंद पडद्यासाठी तेवढे पुरतात. अंधार जास्त वेळा आला आणि तो दिसेनासा झाला.

मात्र यातून फक्त स्थिर उजेडाचा उलगडा होतो. थांबलेली चित्रं चालताना का दिसतात, ही वेगळी गोष्ट आहे. जुने ठसे नुसते साचत गेले असते तर पडद्यावर चित्रांची खिचडी झाली असती. जर्मनीत माक्स वेर्टहाइमर यांनी यावर प्रयोग केले. दोन रेघा वेगवेगळ्या जागी ठरावीक अंतराने दाखवल्या, की बघणाऱ्याला एकच रेघ इकडून तिकडे गेल्यासारखी वाटते. मधली हालचाल मेंदू स्वतःच्या पदरची घालतो. वेर्टहाइमर यांचा हा गाजलेला निबंध छापून आला १९१२ साली. त्याच वर्षी फाळके मुंबईत हीच करामत कॅमेऱ्याने करू बघत होते.

कुंडीतला वाटाणा

डोळे सावरल्यावर फाळकेंनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट धरली. तिथे बायोस्कोप नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली आणि ते सरळ संपादकांना जाऊन भेटले. संपादकांनी त्यांना आधी सावध केलं, मग मदतही केली. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांना सगळं काम आतून बघायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म एवढी खरेदी करून ते एप्रिलमध्ये परतले.

यंत्रं आली, पण भांडवल नव्हतं. सिनेमा काढता येतो, हे सावकाराला पटवायचं कसं? फाळकेंनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा मांडला. महिनाभर ते थोडी थोडी फिल्म उतरवत राहिले. तयार झालेल्या मिनिटभराच्या फिल्ममध्ये बी फुटलं, अंकुर वर आला आणि बघता बघता वेल झाली.

यामागचा हिशेब सोपा आहे. एका मिनिटात १६ च्या वेगाने ९६० चित्रं लागतात. ती महिनाभरात विभागली तर दिवसाला सरासरी ३०-३२ पडतात. रोपाची वाढ डोळ्याला कधीच दिसत नाही, कारण ती फार संथ असते. ट्यूबलाइटची लुकलुक दिसत नाही, कारण ती फार जलद असते. या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यातच आपल्याला हालचाल दिसते. फाळकेंनी महिन्याची वाढ उचलून त्या पट्ट्यात आणून ठेवली. सावकाराला जादू वाटली आणि पैसे मिळाले. तरी तेवढ्याने भागलं नाहीच. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

सरस्वतीबाई आणि पावणेपाच लाख भोकं

सरस्वतीबाई म्हणजे फाळकेंची दुसरी पत्नी. या गोष्टीत त्यांचं नाव बहुतेक वेळा दागिन्यांपुरतं येतं. खरं तर पडद्यावरचं चित्र स्थिर राहिलं त्यात त्यांच्या हातांचा वाटा मोठा आहे.

कोडॅकची फिल्म भोकं न पाडलेली येत असे. प्रोजेक्टरचे दाते याच भोकांत अडकून पट्टी पुढे ओढतात. भोक केसभर जरी सरकलं तरी चित्र पडद्यावर नाचतं, आणि ते नाचणं डोळा माफ करत नाही. अंधार लपवता येतो, थरथर लपवता येत नाही. म्हणून भोकं अचूक हवीत, आणि फिल्मवर उजेड पडून चालत नाही म्हणून ती अंधारातच पाडावी लागत. रात्री काळोख्या खोलीत यंत्रावर बसून हे काम सरस्वतीबाई करत.

किती भोकं? ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे ५९,२०० चित्रं. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार, अशी आठ भोकं. गुणाकार करा: ४,७३,६००. ही नुसती एका प्रतीची. मूळ निगेटिव्हची पुन्हा तेवढीच.

याशिवाय फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, शूटिंगच्या वेळी ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक हेही त्यांच्याकडेच होतं. त्या काळी बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. पण कॅमेऱ्यामागे एक बाई पहिल्या दिवसापासून होती.

कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा असे. सेकंदाला दोन फेरे, प्रत्येक फेऱ्याला आठ चित्रं. हात मंदावला तर पडद्यावर माणसं धावतात, हात जलद झाला तर रेंगाळतात. त्र्यंबक तेलंग यांना फाळकेंनी हे शिकवलं आणि कॅमेरा त्यांच्या हाती दिला. सहा महिने आणि २७ दिवसांनी फिल्म पुरी झाली.

३ मे १९१३

त्या दिवशी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. १६ चा वेग धरला तर तो सुमारे तासाभराचा खेळ. त्यातला साधारण निम्मा वेळ पडदा काळा होता. तिकीट काढून आलेल्या माणसाने अर्धा तास अंधार बघितला, आणि तो त्याला दिसला नाही. त्याला दिसला तो सत्यासाठी राज्य सोडणारा हरिश्चंद्र.

पुढे जादूगार केळफा कामाला आले. कॅमेरा थांबवायचा, नट बाजूला काढायचा, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर देव अंतर्धान पावतात. दोन चित्रांमधली फट डोळ्याला दिसत नाही, एवढंच त्यामागचं गुपित. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोघेही एकटे साळुंकेच होते. ‘कालिया मर्दन’मध्ये फाळकेंची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. काडेपेटीच्या काड्या नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’ ही छोटी फिल्मही त्यांनी केली. काडी जरा सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक फिल्मही त्यांनी बनवली. सहसा जादूगार आपलं गुपित सांगत नाही, फाळकेंनी ते पडद्यावर मांडलं.

हात गेला, मोटर आली

१९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. कान डोळ्याइतका भोळा नसतो. वेग जरा हलला की आवाज चिरकतो किंवा घोगरा होतो. म्हणून हाताचा दांडा गेला, मोटर आली आणि वेग सेकंदाला २४ चित्रांवर पक्का झाला. प्रोजेक्टरला आता दोनच पाती पुरू लागली. २४ दुणे ४८. चित्रांचा वेग बदलला, पण डोळा तोच होता, त्यामुळे झोतांचा आकडाही तोच राहिला. १६ च्या वेगाने घेतलेले मूकपट पुढे २४ ने दाखवले गेले, म्हणून जुन्या फिल्मांतली माणसं लगबगीने चालताना दिसतात. प्रत्यक्षात ती आपल्यासारखीच चालत होती.

बोलपटांचा काळ फाळकेंना मानवला नाही. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर सिनेसृष्टी त्यांना बरीचशी विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली, म्हणजे पाव शतकानंतर.

आज तुमच्या हातातला मोबाईल सेकंदाला ६० वेळा किंवा त्याहून जास्त वेळा चित्र बदलतो. बऱ्याच फोनांत ब्राइटनेस कमी केला की दिवा मंद होण्याऐवजी जलद चालू-बंद होतो आणि डोळा सरासरी काढून मोकळा होतो. आपल्याला लुकलुक दिसत नसली तरी मेंदूतल्या काही पेशी ती टिपत असतात, आणि काहींचं डोकं त्यामुळे दुखतंही. खात्री करायची तर एका फोनचा कॅमेरा दुसऱ्या मंद केलेल्या स्क्रीनसमोर किंवा जुन्या ट्यूबलाइटसमोर धरा. अनेकदा काळे पट्टे सरकताना दिसतील.

डोळ्याने सोडून दिलेला अंधार तो हाच. फाळकेंनी त्यात देव चालवले, आणि त्या अंधाराची भोकं सरस्वतीबाईंनी रात्री जागून पाडली.